कांबळेमामांची सॉकेटं

टेलिफोन एक्स्चेंजमधले किस्से म्हणजे खिळ्याला टोचलेल्या ट्रंक-कॉलच्या चिठ्ठ्या. एक ओढायला जावं, तर अख्खा गठ्ठा हातात!

परवा पुतण्या सांगत होता, "काका, कॉम्प्युटरात नॉन-ब्लॉकिंग सॉकेट असतं. एका लाईनवर उत्तर आलं नाही, तर प्रोग्राम ताटकळत नाही. दुसऱ्या लाईनी बघतो."

म्हटलं, "हात्तिच्या! हे आमच्या कांबळेमामांनी दुष्काळातच काढलं होतं, नळदुर्गला!"

मामा आमचे सीनियर ऑपरेटर. बोर्डावर चाळीस सॉकेटं. वायरीची पिन खुपसून फोन जोडायचा. समोरचा "थांबा, बोलावतो" म्हणाला, की ऑपरेटरनंही थांबायचं, अशी जुनी रीत. माणूस रानातून येईतो उरलेलं गाव मुकं! मामा म्हणायचे, "तुमी बोलवा निवांत. म्या तवर फिरून येतो!" आणि पिन दुसऱ्या सॉकेटात.

* * *

त्या दुष्काळाच्याच उन्हाळ्यात मामांची लेक सोलापूरच्या दवाखान्यात अडलेली. पहिलं बाळंतपण. मामा फोन लावायचे, सिस्टर म्हणायची, "अजून नाही." मामा "बरं" म्हणून पुढच्या सॉकेटात. चेहरा मख्ख, पण पिन दोनदा चुकायची.

म्हटलं, आपण हातभार लावू. दर दोन मिनिटाला मीच विचारत सुटलो. अकराव्यांदा सिस्टर कडाडली, "फोन उचलू, का बाळंतपण करू?"

मामांनी माझी पिन उपटली. "सारखं इचारू नगं! तिकडून रिंग आली, की सॉकेटावरची पडदी आपसूक पडती. पडंल तवा बघ!"

* * *

दुपारी पडदी पडली, पण चारा पाठवणाऱ्यांची. "चाऱ्याचे ट्रक निघाले..." आणि लाईन कट!

मी लई हुशार. तेवढंच गुरांच्या छावणीच्या चेअरमनना कळवलं. ते हार, हलगी घेऊन हायवेवर उभे! तासाभरानं उरलेला निरोप आला, "...होते, पण वाटेत पंक्चर."

चेअरमन एक्स्चेंजात आले. "हार सुकला. आता तुमीच घाला!"

* * *

दिवस कलताना दवाखान्याची पडदी पडली. मामांनी पिन घातली, ऐकलं, आणि हललेच नाहीत!

बोर्डावर पटापटा पडद्या पडायला लागल्या. तहसील, पोलीस ठाणं, चेअरमन!

"मामा, अख्खं नळदुर्ग खोळंबलंय! काय म्हणती सिस्टर?"

मामांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. "दोघी खुशाल," सिस्टर म्हणाली. मागं एक तान्ही पोरगी जीव खाऊन रडत होती.

मी चेअरमनच्या सॉकेटाकडं हात नेला. मामांनी मनगट धरलं.

"थांबू दे समद्यास्नी! नातीचं बोलणं अजून व्हायचंय."