विमानाची उजवी बाजू

प्लास्टिकचं छोटं विमान दोन फाकांत येतं, हे ज्यांनी कधी केलं नाही त्यांना सांगावं लागतं. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. आधी दोन्हींना आतून रंग द्यायचा, वाळू द्यायचा, मग त्या एकमेकींना चिकटवायच्या. एकदा चिकटवलं की आत ब्रश जात नाही. बाहेरचा रंग फसला तर वरून दुसरा मारता येतो, आतल्याला ती सोय नाही.

आमचं मिग-एकवीस बरीच वर्षं दोन घरांत विभागून होतं. डावी फाक पेणला, रामवाडीत, माझ्या कपाटात. उजवी आखातात, माझ्या मित्राच्या खोलीत. तो मूळचा अष्टमीचा, म्हणजे रोह्याहून पूल ओलांडला की त्याचं घर. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि खिशात चार पैसे आले की रणगाडे, विमानं जोडायचो. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि तो एसीचं काम शिकून आखातात गेला. पहिल्या सुट्टीत येताना त्याने हे विमान आणलं आणि जाताना एक फाक उचलून बॅगेत टाकली.

"ही माझ्याजवळ राहू दे. कायमचा आलो की जोडू," म्हणाला.

मला ते फार आवडलं. अर्धं विमान तिकडे असलं तरी अर्धं इथे आहे, म्हणजे माणूस परत येणार, असा माझा सरळ हिशोब होता. तो परत यावा एवढीच माझी इच्छा होती. रविवारी एसटीने जाऊन ज्याच्याशी पोटभर भांडता येईल असा एक माणूस मला हवा होता, आणि तसा दुसरा मला पुढे कधी मिळाला नाही.

भांडण रंगावरून होतं. त्या विमानात वैमानिक बसतो तिथल्या भिंतींना एक विचित्र रंग असतो, धड हिरवा नाही, धड निळा नाही. रशियन लोकांनी तो का निवडला याची चार माणसं चार कारणं देतात. आम्ही तो प्रत्यक्ष पाहिला होता. कॉलेजच्या सहलीत एका प्रदर्शनाला गेलो तेव्हा तिथे एक जुनं मिग उभं होतं आणि त्याला शिडी लावलेली होती. रांगेने चढायचं, आत डोकवायचं, उतरायचं. मी चढलो, माझ्यामागून तो.

खाली आल्यावर मी म्हणालो, "काय सुंदर हिरवा आहे रे!"

"हिरवा कुठं? निळा हाय," तो म्हणाला.

पुन्हा रांगेत उभे राहायला गेलो तर सरांनी हाकललं. तेव्हापासून तो हिरवा की निळा हे ठरलं नाही. माझ्या मते तो अळूच्या पानाच्या मागच्या बाजूचा रंग. त्याच्या मते त्यांच्या अष्टमीच्या घराच्या खिडक्यांचा.

दोन्ही फाकांना आतून एकच रंग यायला हवा, म्हणून आम्ही दोन गावांत बसून तो जुळवत होतो. मी हिरव्यात निळा घालायचो, त्यात पांढरा, काळ्याचा एखादा ठिपका. पांढरा जरा जास्तच लागतो, कारण एवढ्याशा वस्तूवर खरा रंग काळपट दिसतो. ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर भलताच. प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर नमुने काढून मी ते ओट्यावर उन्हात ठेवायचो. शेजारचे म्हणायचे, गुरुजी पेणमध्ये राहतात आणि रंग पार्सलने मागवतात. म्हणोत बापडे. गणपतीच्या रंगांचा दुस्वास मी करत नाही, पण पितांबराच्या पिवळ्याचा मला उपयोग काय?

फोटो पाठवून काही उपयोग नव्हता. फोन आपल्या मनाचाच रंग दाखवतो. त्याच्या खोलीत चौघे राहायचे, खिडकीला काळी काच, डोक्यावर पांढराफटक दिवा. शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हा तो खाटेवर बसून रंग कालवायचा. मी म्हणायचो, उन्हात जाऊन बघ. तो म्हणायचा, इथल्या उन्हात तूच येऊन बघ.

शेवटी तडजोड म्हणून मी अष्टमीला जायला लागलो. त्याच्या घराच्या खिडकीला चमचा टेकवून रंग ताडायचा. त्याची आई, जिला मीही अम्मीच म्हणायचो, दारात उभी राहून बघायची.

"पोरा, खिडकीला औषध पाजतोस काय रे?"

मग आत बोलवून खायला घालायची. "येताव येताव करतोय नुसता. तुला काय बोलला काय, कधी येणार तो?" असं ती मला विचारायची आणि तेच मी तिला विचारणार असायचो. गेल्या वर्षी ती गेली. तो धावत आला, लगेच परत गेला. त्या दिवसांत विमानाचा विषय काढण्याइतका मी निर्लज्ज नव्हतो.

यंदा मात्र त्याचा फोन आला तो अष्टमीहूनच.

"आलोय. तुझी फाक घेऊन ये. जोडून टाकू."

जोडून टाकू! मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, "व्हय, जोडू. ये तर खरा." मी फाक रुमालात गुंडाळली, डब्यात घातली, वैमानिकाची खुर्ची आणि वरची काच वेगळ्या कागदात बांधली. बायको म्हणाली, "अहो, शर्ट उलटा घातलाय." नागोठण्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघून एकटाच हसत होतो. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

घरात शिरलो तर सगळीकडे खोकी, दोरीने बांधलेली. मनात म्हटलं, वा! संसार घेऊनच आलाय. त्याचे केस पांढरे झाले होते. गळ्यात पडून झालं, पाणी झालं, आणि आम्ही ओटीवर बसून दोन्ही फाका शेजारी धरल्या.

माझी हिरवी होती. त्याची निळी होती. एवढ्या वर्षांच्या चमच्यांनंतर!

"बघितलंस? अळू," तो म्हणाला.

"आणि ही तुझी खिडकी," मी म्हणालो. मग आम्ही असे भांडलो की शेजारून कोणीतरी डोकावून गेलं. तो म्हणाला की दुरुस्तीला गेलेल्या विमानांत हाताला येईल तो रंग मारायचे, त्यामुळे दोन्ही खरे. मी म्हणालो की ही पळवाट आहे. मी भयंकर खुशीत होतो.

"जाऊ दे," मी शेवटी म्हणालो. "तुझी फाक दे इकडे. पुढच्या रविवारी तू पेणला ये, दोघं मिळून नवा रंग कालवू. आता घाई कसली?"

त्याने फाक दिली नाही. म्हणाला, "नाय रे. आजच जोडू."

त्याच्या मुलाला कॅनडात नोकरी लागली होती. मुलगा आई-बापांना आणि बहिणीला तिकडेच बोलावत होता. अष्टमीचं घर चुलतभावाला देऊन झालं होतं. ती खोकी कॅनडाला जाणाऱ्या सामानाची होती. हे सगळं त्याने खाली बघत सांगितलं.

मला राग आला. राग आला की मी भलत्याच गोष्टीवर घसरतो. "हा रंग जुळलेला नाही," मी म्हणालो. "असं मी जोडणार नाही."

"रंगाचं राहू दे."

"का राहू दे? दोन रंगांचं विमान असतं का कुठे?"

आत्ता मीच सांगितलं ना, असतं म्हणून, एवढंही त्याने सुनावलं नाही. मला त्या क्षणी रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. जोडलं की संपलं, एवढंच दिसत होतं. रंग जुळत नाही तोवर त्याला यावं लागलं असतं. मी आणखी दहा वर्षं आनंदाने चुका काढल्या असत्या.

"ऐक," तो म्हणाला. "आमची किती घरं बदलतील मला ठाव नाय. ही फाक कुठंतरी हरवंल. मग तू तुझ्या अर्ध्याचं काय करशील?"

मी चिकटवायच्या द्रावणाची बाटली काढली. खुर्ची बसवली. त्याने त्याची फाक माझ्या फाकेला लावली, मी सांध्यावरून ब्रश फिरवला. धरेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबून ठेवावं लागतं. त्याने उजवीकडून धरलं, मी डावीकडून. धरून झाल्यावरही बराच वेळ कोणी हात काढला नाही. आत चहा उकळून गेल्याचा वास आला तेव्हा तो उठला.

"तूच ठेव," मी निघताना तो म्हणाला. "सामानात मोडंल ते."

पंख, चाकं, बाहेरचा करडा रंग मी नंतर एकट्याने केला. भांडायला कोणी नव्हतं, त्यामुळे लवकर झालं. वरची काच बसवल्यावर एक गोष्ट प्रथमच माझ्या ध्यानात आली. आत बघताना आपण उभे असतो त्या बाजूची भिंत दिसत नाही, पलीकडची दिसते. शिडीवरूनही असंच दिसलं असणार. विमान टेबलावर आहे, डावी बाजू माझ्याकडे करून. शाळेत जायच्या आधी मी वाकून आत बघतो तेव्हा मला त्याचीच फाक दिसते.

निळाच आहे तो रंग. मला आता पटलंय. पण हे फोनवर कसं सांगू? मी हरलो म्हटल्यावर त्याने ओटीवर मांडी ठोकून दोन तास माझी टर उडवली असती, आणि मला ती समोर बसून ऐकायची होती.