भाऊजींचं दार

आमच्या भाऊजींच्या पायाला भिंगरी आहे. सुतारकाम करतात, पण बूड टेकवून जेवतानाही मी त्यांना कधी पाहिलं नाही. ताई म्हणते, "लग्नात तेवढे बसले होते, तेही भटजी ओरडले म्हणून."

यंदा मात्र त्यांच्या जिवाला खरा घोर लागला. गावच्या शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. त्यामुळे माझी भाची दिवसभर पाण्याचा थेंब घेईना. शेवटी तापाने फणफणली. डॉक्टरांनी ताईला झाडलं आणि ताईने घरी येऊन भाऊजींना. "शाळा पुरे झाली. पोर जिवानिशी जायची!"

भाऊजींची झोपच उडाली. पोरीला मास्तरीण करायचं त्यांचं स्वप्न. घरोघरी फिरून त्यांनी लोकांचं डोकं खाल्लं. कुणी उरलेल्या विटा दिल्या, कुणी फरश्या. गवंड्याने हात लावला, आम्ही बायकांनी सिमेंट कालवलं. दार भाऊजींनी स्वतः केलं. दणकट, गुळगुळीत, निळा रंग दिलेलं.

संडास सुरू झाला त्याच दिवशी भाची शाळेतून धावत आली ती थेट घरच्या मोरीत.

"बघा! उद्यापासून घरीच," ताई म्हणाली.

भाऊजी भडकले. "एवढा गाव राबला आणि हिचे नखरे?"

पोरगी मान खाली घालून उभी. मग पुटपुटली, "बाबा, आतून कडीच नाहीये."

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर माणसाने गोदामांची नि गोठ्यांची दारं केली. शेळी काय आतून कडी लावते? सवयीने कडी बाहेर ठोकून मोकळे झाले होते. आणि पोरींना विचारावं, हे आम्हा बायकांनाही सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं.

सकाळी शाळा भरायच्या आत ते हत्यारं घेऊन तिथे हजर. मीही मागोमाग गेले. कडी बसवली, आत शिरले आणि लाव-काढ, लाव-काढ सुरू. जरा घासायचे, पुन्हा लावायचे. तोवर घंटा झाली.

बाहेर भाची चुळबुळत होती. "बाबा, बाहेर या ना!"

ते बाहेर आले. ती आत गेली. कडी सरकली. भाऊजी दारापुढेच खांबासारखे.

"भाऊजी, आता सरका तरी," मी म्हटलं. "मागे बघा."

मागे मुलींची रांग लागली होती. भाऊजींनी बाहीने डोळे पुसले आणि उगाच खेकसले, "ढकलाढकली करायची नाही, सांगून ठेवतो!"