विहीणबाईंचा गोल्फ

माझ्या मुलीच्या सासूबाईंइतकी काळजी करणारी बाई अख्ख्या नागपुरात नसेल, आणि ज्या गावात लोक मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात घालून फिरतात, त्या गावाबद्दल हे मी जबाबदारीनं बोलतो आहे. गॅस बंद केला का, हे बघायला विहीणबाई एकदा लग्नाच्या पंगतीतून उठून नंदनवनला घरी गेल्या होत्या, आणि तो बंद आहे हे बघून, "मंग मले चालू काहून वाटला?" ही नवी काळजी घेऊन परतल्या होत्या.

अशा बाईनं गोल्फ खेळावा! यजमान गेल्यावर गोल्फ क्लबाचं सभासदत्व त्यांच्याकडे आलं, आणि जन्मभर शाळेत पीटी शिकवलेले हात स्वस्थ बसेनात. दर रविवारी सकाळी त्या खेळत आणि मी बॅग ओढत असे. मुलीचा बाप, नाही कसा म्हणणार? मैदान चढउताराचं, देखणं आणि अवघड. पहिल्या होलला कुंपणापलीकडे रस्ता. "कोनाच्या डोक्यात बॉल बसला तं?" म्हणून शेवटचा स्कूटरवाला वळणाआड जाईपर्यंत त्या काठी उचलत नसत. दुसऱ्याला मोर; ते पांगवायला मी रुमाल हलवत धावायचं. चौथ्याला चेंडू तळ्यावरून मारायचा. तिथं त्या दर वेळी विचारत, "भाऊ, तुम्हाले पोहता येते ना?" मी हो म्हटलं की फटका. चेंडू थेट झेंड्यापाशी. इतकी घाबरट बाई इतकं सरळ कसं मारते, हे मला कधी कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मात्र त्यांनी रस्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोरांच्या डोक्यावरून चेंडू गेला. तळ्यापाशी माझ्या पोहण्याची चौकशी नाही. विहीणबाई काळजी करत नाहीत हे बघून मलाच काळजी लागली. घरात काही बिनसलं का? सहाव्या होलपर्यंत मी मनातल्या मनात मुलीला सामानासकट माहेरी आणून ठेवलं होतं.

सातव्याला चेंडू जमिनीत रोवलेल्या खुंटीवर ठेवताना तो तीनदा घरंगळला. मी वाकून ठेवला.

"वारा आहे," मी म्हणालो.

"वारा नाही, भाऊ." त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आपला आपण थरथरत होता. "रामदासपेठेत डॉक्टरले दाखवलं. कंपवात म्हणते. पोराले सांगितलं नाही अजून. सुनेले सांगाचीबी हिंमत होऊन नाही राहिली."

"गोळ्यांनी आटोक्यात राहतं," मी कसंबसं म्हणालो.

"माहीत हाय. पन आता कशाची काळजी करू, तेच समजून नाही राहिलं. सगळ्यात मोठी तं येऊन बसली."

नवव्याला जवळचा हलका फटका भोकाच्या कडेनं निसटला. दुसऱ्यांदा मारल्यावर चेंडू आत गेला. झेंडा जागेवर लावून त्या म्हणाल्या, "भाऊ, संग चालता का घरी? बोलू नका काही. नुसते बसा."

मी नुसता बसलो. जावयानं टीव्ही बंद केला. त्यांचं सांगून होईपर्यंत माझी मुलगी त्यांच्या पायांशी बसून होती.

आता त्या चारच होल खेळतात. पुढच्या पाचांत आम्ही नुसतं चालतो. व्याह्याचा दंड धरणं आमच्या रीतीत बसत नाही, पण उतार आला की त्या धरतात. ते बारीक थरथरणं मला कोपरापर्यंत जाणवत राहतं. आम्ही जरा सावकाश उतरतो, एवढंच.