जिवंत झाडांचा रकाना

माळावरचा एकराचा तुकडा मी बायकोच्या नावावर केला, तो काही प्रेमापोटी नाही. फळबागेच्या योजनेत बाईच्या नावावर जमीन असली तर नंबर लवकर लागतो, असं गावच्या विकास सोसायटीच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं, म्हणून केला. आता खरं सांगायला लाज कसली! आमचं बाकीचं रान भीमेच्या काठचं, काळंभोर, त्यात ऊस. हा तुकडा मुरमाड, नुसत्या कुसळांचा. त्यात काही येत नव्हतं, म्हणून तिला दिला.

खड्डे, कलमं, खत, ह्या सगळ्याचे पैसे सरकार तीन वर्षांत तीन हप्त्यांनी खात्यावर टाकणार होतं. पहिला हप्ता लागवड झाली की. पुढचे दोन झाडं जगली तर. दरवर्षी कृषी सहाय्यक मॅडम येणार, झाडं मोजणार, फोटो काढणार आणि जिवंत झाडांचा आकडा रकान्यात भरणार. मला वाटलं, पहिला हप्ता पदरात पडला तरी खूप झालं, पुढचं कुणी बघितलंय!

पण हिनं मनावर घेतलं. केशर आंब्याची कलमं आली तशी ती घरात कमी आणि माळावर जास्त. पहिल्या उन्हाळ्यात ठिबकला पाणी पुरेना, तेव्हा डोक्यावरून हंडे वाहिले. शेळ्या शेंडे खातात म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, हात सगळे ओरबाडून निघाले. मी तिला ‘बागाईतदारीणबाई’ म्हणून चिडवायचो. ती म्हणायची, “चिडवा, चिडवा. आंबं लागल्यावर मागायला याल तवा बगते.”

एकदा मला वाढता वाढता ती म्हणाली, “लगीन झाल्यापासनं समदं तुमचंच हाय. तुमचं रान, तुमचा ऊस, तुमची म्हस. ह्यो एक तुकडा तेवढा माझा.” मी हसलो आणि आमटी मागितली.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर मॅडमनी तिला सांगितलं, “मावशी, झाडांच्या बुडाशी पाचट पसरा, ओल टिकते.” पाचट म्हणजे ऊस तुटून गेल्यावर रानात उरतो तो वाळका पाला. आमच्याकडं त्याला काय तोटा! तिनं माझ्याच फडातून भारे बांधून नेले आणि प्रत्येक आळ्यात वीतवीतभर जाड अंथरले. वाटेत सांडलेलं पाचट फडापासून माळापर्यंत तसंच पडून राहिलं. मला म्हणाली, “औंदा तुमी पाचट पेटवू नगा. मॅडमबी नगं म्हंत्यात.”

मी म्हणालो, “बरं.”

बरं म्हणालो खरा, पण आमच्याकडं ऊस गेला की पाचट पेटवायचं हे कुणी ठरवत बसत नाही. बापानं पेटवलं, मी पेटवत आलो. काडी ओढायची, दोन तासांत रान साफ, खोडव्याला, म्हणजे बुडख्यांतून परत फुटणाऱ्या उसाला, पाणी सोडायला मोकळे. त्या दिवशी ती भाचीच्या लग्नाला केडगावला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची लाईट होती, पाणी द्यायचं होतं. दुपारचा वारा पडलेला. मी बांधावर बसलो, विडी पेटवली, आणि त्याच काडीनं पाचटही पेटवलं. माळ मनात आलाच नाही. देवाशपथ आलाच नाही! लोकांना वाटेल मी माझी बाजू सांभाळतोय. उलट मला तर हेच जास्त लागतं. दोन वर्षं बाई समोर खपत होती आणि तिची झाडं माझ्या डोक्यात एवढीसुद्धा नव्हती.

मग वारा सुटला. सांडलेलं पाचट धरून आग बांध चढली. लिंबाचा डहाळा मोडून मी धावलो, झोडपत सुटलो, पण किती झोडपणार? लाईट नाही, मोटार बंद, पाण्याचा थेंब नाही, हाकेला माणूस नाही. ओल टिकावी म्हणून तिनं घातलेलं पाचट आळ्याआळ्यात धडाडून पेटलं. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात सगळं आटोपलं.

दिवस मावळायच्या आत ती आली. अंगावर लग्नातलं लुगडं, हातात लाडवाची पिशवी. मी काही बोलायच्या आधी वासानंच तिला कळलं. ती ओरडली नाही. ओरडली असती, आईबापावरून बोलली असती, तर बरं झालं असतं. पिशवी बांधावर ठेवून ती कलमाकलमाजवळ वाकत गेली आणि नखानं साल खरवडून बघत राहिली, आत कुठं हिरवं दिसतंय का.

त्यानंतर रोज पाणी घातलं, तिनं आणि मीही. महिनाभरानं काही बुडख्यांतून तांबडे कोंब बाहेर आले. मी गड्यासारखा गडी, वाटेनं पळत घरी आलो. “अगं चल, फुटली! फुटली झाडं!” ती मोजून आली. अठ्ठावीस. त्या दिवशी तिनं गोड केलं.

मग दुसऱ्या वर्षाच्या तपासणीला मॅडम आल्या. खाली बसल्या आणि कोंबाच्या बुडाला बोट लावलं.

“मावशी, हे खालच्या खुंटाचे फुटवे आहेत. जोडाच्या खालून आलेत, हे बघा. वरचं केशर गेलं. हे गावठी, मला मोजता येणार नाही.”

ही म्हणाली, “पन जित्तं हाय की वो.”

“हो. पण कलम नाही.”

रकान्यात शून्य पडलं. शेजारचे दोघंतिघं बघायला बांधावर आले होते. मॅडमनी विचारलं, “आग लावली कुणी? दुसऱ्या कुणी लावली असेल तर पंचनामा करू, वर भरपाई मागून बघता येईल. घरच्यांनीच लावली असेल तर तसं नावानिशी लिहावं लागेल. मग ह्या गट नंबरावर परत योजना बसायची नाही.”

मी सोसायटीचा संचालक. मागच्याच आठवड्यात ओट्यावर बसून लोकांना सांगत होतो, झाडं जगवायची अक्कल पाहिजे म्हणून. मी खाली वाकून चपलेतला खडा काढायला लागलो. हिनं माझ्याकडं एकदा बघितलं.

“मीच पेटवलं,” ती म्हणाली. “ध्यानात ऱ्हायलं न्हाई.”

मॅडमनी लिहिलं. हिनं खाली सही केली. आणि मला हायसं वाटलं. वाटलं, काय लपवू?

घरी आल्यावर विचारलं, “अशी का म्हनलीस?”

“तुमाला चार मान्सांत बसायचं असतंय,” ती म्हणाली. “मला कुठं जायाचंय.”

त्यानंतर ती माळावर गेली नाही. मी म्हणालो, आपल्या पैशानं परत लावू. ती शेणाची पाटी उचलून गोठ्यात गेली.

परवा दळण आणायला दोघं गिरणीत गेलो होतो. तिथं बसलेल्यांतला एक जण मोठ्यानं म्हणाला, “काय आप्पा, बायकूनं योजनेची बागच पेटवली म्हनं! बाईमान्साच्या हातात रान दिल्यावर आनखी काय व्हनार!” सगळी गिरणी हसली. पिठाचा डबा कमरेवर घेऊन ती माझ्या शेजारीच उभी होती.

मीही हसलो.