हसू नका, आजी

फोटो स्टुडिओत पाऊल टाकलं की जो वास येतो त्याला नाव नाही. स्वस्त पावडर, तापलेले दिवे आणि असंख्य माणसांनी तोंड पुसलेला एक दमट टॉवेल, यांचं काहीतरी मिश्रण असतं ते. परवा कंपनीच्या नव्या गेटपाससाठी फोटो हवा होता, म्हणून पहिली शिफ्ट संपवून परतताना पिंपळे गुरवच्या चौकात बसमधून उतरलो आणि तिथल्या जुन्या स्टुडिओत गेलो. चाकणपासून नाशिक फाट्यापर्यंतची धूळ अंगावर होती. आमच्या या पट्ट्यात माणसाला आपला चेहरा गळ्यात अडकवूनच फिरावं लागतं. कंपनी बदलली की फोटो, ठेकेदार बदलला की फोटो, खोली भाड्याने घ्यायची तरी फोटो. वडील हयात असताना त्यांच्या खिशातही असाच एक चेहरा असायचा. तो त्यांच्यासारखा कधीच दिसला नाही. स्टुडिओत आता बरंच काही बदललंय, पण आरशाखालच्या फळीवर पावडरचा डबा होता, आणि खिळ्याला दोऱ्याने बांधलेला कंगवाही. वास नाकात शिरला आणि समोरच्या रिकाम्या स्टुलावर मला आई बसलेली दिसली. पाठ ताठ, दोन्ही कान उघडे, ओठ मिटलेले. अगदी शांत.

आईच्या तोंडावरून वारं गेलं होतं. वडील गेल्यानंतरच्या एका थंडीत ती गावाकडच्या लग्नाहून एसटीने आली, बार्शीपासून खिडकीशी बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळू लागलं. तिला आधी वाटलं, दाढेचं काहीतरी असेल. मग आरशात बघितलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची शीर आहे, बहुतेकांचं बरं होतं. तिचंही झालं, पण अर्धवट. डावी बाजू थिजल्यासारखी राहिली आणि उजवी सगळं काम एकटी करू लागली. बोलताना, जेवताना, आणि सगळ्यात जास्त हसताना, तोंड उजवीकडे ओढलं जायचं. तेव्हापासून तिने पदर तोंडाशी धरायची सवय लावून घेतली. लग्नकार्यात फोटोवाला आला की ती हमखास पाणी आणायला उठायची. आमच्या घरातल्या त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत आई म्हणजे एक पाठ आहे, नाहीतर एक कोपर.

ताई, माझी मोठी बहीण, तेव्हा जर्मनीत होती. चाकणच्या एका कंपनीतून तिला तिकडे पाठवलं आणि ती तिकडचीच झाली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. शेजारणींनी विचारलं की आई भाजीचा भाव विचारायची. आणि एका रविवारी ताईचा फोन आला. आधी ती नुसतीच रडली, मग हसली, मग म्हणाली, "आई, तू येशील ना गं? मला इथं दुसरं कुणी नाहीये."

"येते की," आई म्हणाली. "चालत येऊ का, सांग."

आयुष्यात पुण्याच्या पुढे क्वचित गेलेली बाई. तिचा पासपोर्ट काढायचा होता. पुण्यातल्या कचेरीत फोटो तिथेच काढतात. आई इरकल नेसून, केस चापून आली होती. रांगेत निमूट बसली. आत काचेपलीकडे एक तरुण मुलगी होती, कामाच्या रगाड्यातही प्रेमाने बोलणारी. तिने कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं आणि म्हणाली, "आजी, हसू नका. तोंड सरळ ठेवा."

"हसत न्हाई गं बाई मी," आई म्हणाली.

"हसताय, आजी. थोडंसं. चालत नाही ते."

मागे उभा राहून मी सांगणार होतो, पण आईने मागे न बघताच हात किंचित हलवून मला थांबवलं. मुलीने पुन्हा फोटो घेतला, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं. तिची मान खाली गेली. "राहू दे, आजी. छान आहे," ती म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. पण त्या 'छान आहे'ने आई जितकी खचली तितकी दुसऱ्या कशाने खचली नसती. पासपोर्ट घरी आला तेव्हा तिने तो एकदाच उघडला. फोटोतली बाई ओठाच्या एका कोपऱ्यात हसत होती, कुणाची तरी टिंगल करावी तशी. "ही बाई लेकीच्या दारात जाणार व्हय," एवढंच बोलून तिने तो कपाटात कपड्यांखाली सारला.

व्हिसासाठी मात्र वेगळा फोटो लागणार होता आणि तो बाहेरून काढून न्यायचा होता. आईने मनावर घेतलं. तो फोटो चांगला यायलाच पाहिजे. मी समजावलं, की तिकडची माणसं फक्त ओळख पटवतात, रूप बघत नाहीत. ती म्हणाली, "मला बघायचंय." आणि काही वर्षांपूर्वी कंटाळून सोडून दिलेले चेहऱ्याचे व्यायाम तिने पुन्हा सुरू केले. सकाळी मी बूट घालत असायचो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी ती हातआरसा घेऊन बसलेली असायची. गाल फुगवायची, 'ई' म्हणायची, 'ऊ' म्हणायची, पेल्यातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढायची. गरम फडक्याने डावा गाल शेकायची. शीळ घालायचा प्रयत्न करायची. नुसती हवा निघायची, पण ती सोडायची नाही. संध्याकाळी मी परतलो की समोर उभी राहायची. "बघ. सरळ हाय का?" मी म्हणायचो, हो, सरळ आहे. ती माझ्या डोळ्यांत बघून ओळखायची आणि पुन्हा आरशाकडे जायची.

या खटाटोपात तिला एक गोष्ट कळली. ती तिने मला चहा गाळता गाळता सांगितली, अगदी सहज, जणू कुकरची शिट्टी बिघडलीय असं सांगावं. मनात काहीच नसलं तर तोंड बऱ्यापैकी सरळ राहतं. पण बाळाचा विचार आला, की उजवी बाजू आपसूक वर पळते. बाळाला टोपडं घालू, मांडीवर आडवं घेऊन तेल लावू, असं मनात आलं की संपलं. "आनंद झाला की वाकडं होतंय बघ," ती म्हणाली. म्हणजे लेकीकडे जाण्यासाठी जो फोटो हवा होता, त्यात लेकीकडे जाण्याचा आनंद दिसून चालणार नव्हता. मग तिने चेहऱ्याबरोबर मनालाही वळण लावायला घेतलं. आरशासमोर बसायची आणि एकेक सुख बाहेर काढून ठेवायची. मी ते रोज पाहत होतो. आज वाटतं, इतक्या निष्ठेने कुणी आनंद दूर ठेवायला बसू नये.

फोटोच्या आदल्या दिवशी तिने ताईला निरोप दिला, उद्या दुपारपर्यंत फोन करू नकोस. याच स्टुडिओचा तेव्हाचा मालक वयस्कर होता, बोलायला मऊ. त्याला मी आधीच सगळं सांगितलं होतं. "मावशी, घाई न्हाई आपल्याला," तो म्हणाला. "दुकान तुमचंच हाय." त्याने दिवा थोडा डावीकडे सरकवला, गिऱ्हाइकांना बाहेर थांबवलं आणि फोटो काढत राहिला. आई डोळे मिटायची, पुन्हा उघडायची. कुठे जाऊन येत होती कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, "आला बघा." स्क्रीनवर आई होती. सरळ. आजाराआधीची, मी कॉलेजात असतानाची आई, फक्त केस पांढरे. तिने कितीतरी वेळ बघितलं. "तुझ्या बापानं ओळखलं असतं आता मला," ती म्हणाली. बाहेर आल्यावर तिने पदर तोंडाशी धरला नाही. रस्त्यावरच्या गर्दीतून ती उघड्या चेहऱ्याने चालली, आणि मनसोक्त वाकडं हसली.

व्हिसाची तारीख अजून मिळायची होती, पण त्यानंतरचे दिवस घरात डिंकाचा आणि भाजलेल्या खारकांचा दरवळ होता. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून, धुऊन, घड्या करून ठेवली होती. मी कंपनीत होतो. जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला तर भावजींचे लागोपाठ फोन येऊन गेलेले. मी उलट फोन लावला. सातवा महिना होता. बाळाची हालचाल जाणवेना म्हणून ताई दवाखान्यात गेली, आणि तिथे त्यांना ठोके सापडले नाहीत. भावजींनी हे मला तीनदा सांगितलं, दर वेळी तेच शब्द. मागे कुठेतरी ताई होती.

चाकणहून घरापर्यंतचा रस्ता त्या दिवशी कसा सरला, आठवत नाही. आई जमिनीवर बसून लाडू वळत होती. माझ्याकडे बघून तिने हातातला लाडू परातीत ठेवला. "बोल," म्हणाली. मी बोललो. आणि मग मी जे पाहिलं ते मला विसरता येत नाही. तिचा उजवा चेहरा चुरगळला, त्याच्यावरून पाणी वाहू लागलं, ओठ थरथरला. डावा तसाच राहिला. स्वस्थ, निर्विकार, फोटोत हवा होता तसा.

थोड्या वेळाने ती उठली, हात धुतले. "आता तर जायलाच पाहिजे," म्हणाली. "अंगावर दूध येईल तिच्या. कोण बघणार हाय तिला?" तिने कपडे भरायला घेतले. पण ताई नको म्हणाली. फोनवर तिचा आवाज अगदी कोरडा होता. "आई, तू येऊ नकोस. तू समोर आलीस तर मी उभी राहू शकणार नाही. मला उभं राहायचंय." आईने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, आठवड्याने पुन्हा. ताई 'बघू' म्हणायची. मग ती चेहरा दाखवून बोलणं टाळू लागली, नुसता आवाज. मग आवाजही सणासुदीला. दुपटी आईने खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला देऊन टाकली. शीळ घालण्याचा प्रयत्न पुन्हा कधी ऐकू आला नाही, आणि चेहरा महिन्या-दोन महिन्यांत होता तसा झाला.

ताई एकदाच येऊन गेली, दोनेक वर्षांनी, थोड्या दिवसांसाठी. दारात उभी राहिली तेव्हा आईने स्वतःला इतकं सावरून धरलं होतं, की तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ताईने बॅग खाली ठेवली. "रागावलीस का गं माझ्यावर?" तिने विचारलं. आई नुसती "न्हाई गं" म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. मला मध्ये बोलता आलं असतं. पण त्या दोघींमधलं ते अंतर इतकं हळुवारपणे सांभाळलेलं होतं, की हात लावायची भीती वाटली. मग त्या रोज दुपारी समोरासमोर बसून भाजी निवडायच्या, जावांच्या गोष्टी करायच्या, गावाकडची कोण गेली कोण राहिली ते बोलायच्या. बाळाचं नाव कुणीच काढलं नाही. त्याला नावच नव्हतं म्हणा.

परवा गेटपासचा फोटो घेऊन घरी आलो, कपाट आवरलं, तेव्हा आईचा पासपोर्ट हाती लागला. मुदत संपत आली आहे. सगळी पानं कोरी. मी तिला विचारलं, नवा करून घेऊ या का? ती गव्हातले खडे वेचत होती. "कुठं जायचंय आता," म्हणाली. प्रश्नासारखं नव्हतं ते. मी तो होता तिथे ठेवला. ताईकडे या दिवसांत बर्फ पडतं म्हणे. इथे ऊन खिडकीतून सरकत परातीपर्यंत आलं होतं, आणि आईने परात थोडी सावलीत ओढून घेतली. दहा वर्षं जातात तेव्हा त्यांचा काही आवाज होत नाही. दोन माणसं एकमेकींना त्रास होऊ नये म्हणून जपत राहतात, जपता जपता म्हातारी होतात, आणि खरं भेटायचं राहूनच जातं.