रिकामी चिमूट

मी विद्यापीठात तंबाखूच्या व्यसनावर शिकवते. तंबाखू सोडलेली माणसं तपासणीला येतात, ती माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसतात. आज दोघे होते. त्यातले म्हातारे अण्णा शेजारच्याला नातीच्या लग्नाचं सांगत होते आणि सांगता सांगता त्यांचा अंगठा डाव्या तळहातावर फिरू लागला. तळहातावर काहीच नव्हतं. तरी त्यांनी व्यवस्थित मळलं, वर थाप मारली, चिमूट उचलली. शेजारच्याने ऐकता ऐकताच हात पुढे केला आणि अण्णांनी त्यातली अर्धी त्याला दिली.

मग दोघेही आपापल्या हाताकडे बघत बसले.

"सुटली म्हणायची का ही, अण्णा?" शेजारच्याने विचारलं.

"तंबाखू सुटली रे. हात कुठं सुटतोय?"

वर्गात मी फळ्यावर निकोटीनची मेंदूपर्यंतची वाट काढून दाखवते. त्या चित्रात तळहात कुठेच येत नाही. रक्तातून निकोटीन निघून जातं, ते तपासताही येतं. पण गप्पांना बसलं की शेजाऱ्याला चिमूट द्यायची, हे माणसातून कसं काढायचं? मी स्वतः तंबाखूला कधी शिवले नाही, तरी लग्नाच्या पंगतीतही माझी नजर लोकांच्या तळहातांवरच जाते. सुटका मलाही नाही.

मी हाक मारली. अण्णा उठले, दारात थबकले आणि माझी फरशी खराब होऊ नये म्हणून दोन्ही हात बाहेरच नीट झटकून आत आले.