रक्तगट बदलणारी बाई

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचंच हसू येतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्यात मी नुकतीच फौजदार म्हणून रुजू झाले होते. कडक इस्त्री, चकचकीत बूट आणि आपल्याला सगळं कळतं हा गाढ विश्वास, एवढीच माझी सामग्री. नावं कुणाचीच देत नाही. माणसं अजून आसपास आहेत.

जवळच्या रुग्णालयातल्या एक डॉक्टरीणबाई तक्रार घेऊन आल्या. त्या क्षयाच्या रुग्णांवर संशोधन करत होत्या. क्षयाच्या गोळ्यांनी काहींना कावीळ होते. केसपेपरवरची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि असा रुग्ण त्यानं आधीच ओळखायचा, असा त्यांचा प्रयोग. डॉक्टर कसा विचार करतो, त्याचे नियम त्याला शिकवले होते. माझी नात याला एआय म्हणते. आम्ही नुसतं 'मशीन' म्हणायचो आणि त्याच्या खोलीत चपला काढून जायचो.

मशीननं एका बाईचा कागद अडवला होता. वय पन्नास. पण वजन दर खेपेला आठ-दहा किलोंनी वर-खाली, आणि रक्तगट चक्क बदललेला. रक्तगट काही बदलत नसतो. म्हणजे एका नावावर भलतंच कुणी औषधं उचलतंय. मी तिथल्या तिथे टोळी पकडली. मनातल्या मनात.

चार दिवसांनी वॉर्डातल्या आयाबाईंचा ठाण्यात फोन आला. "मॅडम, तो कागद घेऊन दर वेळी वेगळीच बाई येते हां. आज आलीय ती कागदाची खरी मालकीण. लवकर या."

मी जीप काढली. टेकडीवरच्या चाळीत राहणाऱ्या, मालवणकडच्या एक विधवा मावशी निघाल्या. सोबत पिशवी धरून त्यांची भाची. दोघींना ठाण्यात आणलं. भाचीला मी बाहेरच्या बाकावर बसवलं, वर "वाटेत पाय पसरू नकोस" म्हणून दोनदा दटावलं, आणि मावशींना आत घेतलं.

"औषधं कुठे विकता?"

"विकूक ती काय मासळी आसा?"

"कागद तुमचा, मग बायका वेगळ्या कशा?"

मावशींनी पदर सावरला. मी टेबलावर हात आपटला. टेबलाची काच तडकली. त्या काचेचा खुलासा मला पुढे साहेबांना लेखी द्यावा लागला. मावशींनी मात्र कसलाच खुलासा केला नाही.

आमचे हवालदार निवृत्तीला आलेले. मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "मॅडम, गुन्हा केलेला माणूस जास्त बोलतो. ही बोलत नाही, म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालतेय. चहा सांगू का?"

चहा येण्याआधी डॉक्टरीणबाई धावत आल्या. हातात नवा रिपोर्ट. "मावशी, या कागदावर परवा जिचं रक्त तपासलं, तिचं यकृत बिघडलंय. रक्तगट तुमचा नाही. जी कुणी असेल तिच्या गोळ्या आजच थांबवायला हव्यात. नाहीतर ती जाईल."

मावशींचा चेहरा उतरला. माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "ता पेन मिटव आधी."

मी पेनला टोपण लावलं. त्या तपासात मी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

मग त्या बोलल्या. स्वतः जुन्या क्षयरोगी, केव्हाच बऱ्या झालेल्या. पण कागद त्यांनी बंद होऊ दिला नाही. पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला लावला. चाळीत जिला क्षय निघेल तिनं तो न्यायचा. असं चार जणींचं चाललं होतं. "माझा लगीन झाला, घोव गेला, नातवंडा झाली. माझ्या नावावर क्षय लिवलो तर काय बिघाडता? चेडवाच्या नावावर लिवलो तर स्थळ परत जाता. सुनेक म्हायेराक धाडतत."

"पण आता आजारी कोण आहे?" मी विचारलं.

मावशी टोपण लावलेल्या पेनाकडे बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "माझ्या मशीनला नाव लागतच नाही, मावशी. प्रत्येकीला वेगळा नंबर देते. नावांची वही माझ्या कपाटात, कुलपात."

मावशींनी विचार केला. "नंबराचा लगीन मोडत नाय ना?"

"नाही मोडत."

मावशींनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "ये गो आत."

भाची आली. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. मी तास दीड तास टोळी शोधत होते, आणि पुरावा मीच बाकावर बसवून दटावला होता.

त्याच दुपारी ती रुग्णालयात दाखल झाली. गोळ्या बदलल्या, मुलगी वाचली. औषधं विकली गेली नव्हती, आजारी बायकांच्याच पोटात गेली होती. 'गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही' असा अहवाल मी दिला. डॉक्टरीणबाईंनी त्या एका कागदाचे चार नंबर केले आणि माहिती पुन्हा भरली. काही महिन्यांनी मशीननं आणखी एक कागद अडवला. या खेपेला कागद खरा होता, आणि रुग्णाचे डोळे अजून पांढरे होते. कावीळ व्हायच्या आधीच गोळ्या बदलल्या. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम ठाण्यात फोन करून कळवलं. मशीन जणू मीच बनवलं, अशा थाटात मी साहेबांना सांगितलं.

नात आता अशाच कामात आहे. रुग्णालयांच्या नोंदी, त्यातून संशोधन. तिच्या मशीनपुढे आमचं मशीन म्हणजे पाटी-पेन्सिल. मी तिला एवढंच विचारते, "माणसं तुला खरं सांगतील, अशी सोय केलीस का गं?" सुरक्षित वाटलं की माणूस खरं बोलतो. हे मला ठाण्याच्या टेबलानं शिकवलं, काच गमावून. आणि खरं भरलं की मशीन जीवसुद्धा वाचवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या प्रकरणानंतर वर्षभरानं मी भाचीच्या लग्नाला गेले होते. मावशींनी वरपक्षाला माझी ओळख करून दिली, "ही आमची शिवणक्लासातली बाई." पोलीस कुठून ओळखीचे, हा प्रश्न नको म्हणून. नवरी माझ्या कानाशी लागली. "मॅडम, ह्यांना मी सगळं आधीच सांगितलंय. मावशीला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल."

मी कुठे बोलतेय? नवऱ्या मुलाच्या आईला ब्लाउजच्या बाह्यांबद्दल ठामपणे सल्ला दिला आणि दुसऱ्याच्या नावावर पोटभर जेवले.